टायमिंग चेन टेन्शनर (मोटारसायकल)

टायमिंग चेन टेन्शनर (अन्य नावे: कॅम चेन टेन्शनर, साखळी ताणक) हा चार-स्ट्रोक मोटारसायकल इंजिनातील एक लहान यांत्रिक भाग आहे. क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्टला गती देणारी साखळी योग्य ताणात ठेवणे हे त्याचे काम होय. साखळी वापराने झिजून लांबत जाते, तसा टेन्शनर पुढे सरकतो आणि निर्माण झालेला ढिलेपणा भरून काढतो. तो निकामी झाल्यास प्रथम इंजिनातून खडखड ऐकू येते. त्याकडे दुर्लक्ष झाले तर साखळी दंतचक्रावरील दात सोडून पुढे सरकते, झडपांची वेळ चुकते आणि अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या झडपांवर आदळून झडपा वाकतात. लांबच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलींत हा दोष विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण अशी गाडी दिवसभर सलग व भाराखाली चालते आणि बिघाड बहुधा गॅरेजपासून दूर होतो.

महाराष्ट्रातील गॅरेजांत या भागाला 'टेन्शनर' किंवा 'ॲडजस्टर' म्हणतात. साखळीला 'टायमिंग चेन', तिच्या बाजूच्या पट्ट्यांना 'गाईड', तर साखळी, दंतचक्रे व रोलर यांच्या एकत्रित संचाला 'टायमिंग किट' असे नाव रूढ आहे. मागच्या चाकाला गती देणारी बाहेरची साखळी, म्हणजे 'चेन-स्प्रॉकेट', ही पूर्णपणे वेगळी आहे. गाडीची 'चेन टाइट करून घेतली' असे जेव्हा चालक सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ जवळपास नेहमी बाहेरच्या साखळीशी असतो. इंजिनाच्या आतील साखळी दिसत नसल्यामुळे ती आहे हेच अनेक वाहनधारकांना आवाज येईपर्यंत माहीत नसते.

रचना आणि कार्य

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. त्यासाठी कॅमशाफ्टवरील दंतचक्राचे दात क्रँकशाफ्टवरील दंतचक्राच्या दुप्पट असतात. क्रँकशाफ्ट साखळीला एका बाजूने ओढून घेतो. ती ताठ बाजू. दुसऱ्या बाजूने साखळी क्रँकशाफ्टकडून वर कॅमशाफ्टकडे जाते. ती सैल बाजू. ताठ बाजूला स्थिर मार्गदर्शक पट्टी असते. सैल बाजूला एका टोकाशी बिजागरीसारखी बसवलेली, किंचित वाकलेली पट्टी असते आणि टेन्शनरचा दांडा या पट्टीच्या पाठीवर दाब देतो. पट्टीचा साखळीला लागणारा पृष्ठभाग टणक रबराचा किंवा प्लास्टिकचा असतो, म्हणजे धातू धातूवर घासत नाही.

या साखळीवरील ताण एकसारखा नसतो. झडप उघडताना कॅमला स्प्रिंग दाबावी लागते आणि साखळी ताणली जाते. झडप मिटताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते आणि साखळी क्षणभर सैल पडते. चार सिलिंडरच्या इंजिनात हे हेलकावे एकमेकांत मिसळून सौम्य होतात. भारतातील बहुतेक मोटारसायकली एका सिलिंडरच्या आहेत आणि त्यांच्यात प्रत्येक हेलकावा सरळ साखळीपर्यंत पोहोचतो. म्हणून टेन्शनरला केवळ स्प्रिंग पुरत नाही. साखळीने उलट धक्का दिला तरी दांडा मागे सरकू नये, अशी काही ना काही सोय त्यात करावी लागते. टेन्शनरचे निरनिराळे प्रकार या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत.

वेगाचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. क्रँकशाफ्टवर १४ दात, कॅमशाफ्टवर २८ दात, साखळीत ९० दुवे आणि दोन दुव्यांमधील अंतर ६.३५ मिमी अशी रचना धरली, तर मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर साखळी मिनिटात सुमारे ७७८ वेळा पूर्ण प्रदक्षिणा घालते. सात तासांच्या सलग प्रवासात ही संख्या सव्वातीन लाखांच्या पुढे जाते. प्रत्येक प्रदक्षिणेत प्रत्येक दुवा दोन्ही दंतचक्रांवर चढताना व उतरताना आपल्या खिळीभोवती वळतो.

टेन्शनरचे प्रकार

सर्वांत साधा प्रकार हाताने जुळवण्याचा. यात बाहेरून एक बोल्ट आत घट्ट केला जातो आणि नटाने तो त्या जागी अडकवला जातो. त्याच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही, पण ताण किती द्यायचा हे माणसाच्या हातावर अवलंबून राहते. १९६९ मध्ये आलेल्या होंडा सीबी७५० या चार सिलिंडरच्या गाडीत आणि तिच्यानंतरच्या काही होंडा गाड्यांत अर्धस्वयंचलित रचना होती: दाब स्प्रिंग देई, पण ठराविक अंतराने अडकवणारा बोल्ट सैल करून स्प्रिंगला तिचे काम करू द्यावे लागे आणि मग तो पुन्हा घट्ट करावा लागे. सर्व्हिसिंगच्या वेळी ही एक कृती राहून गेली की स्प्रिंग असूनही टेन्शनर जागचा हलत नसे.

दात्यांचा स्वयंचलित टेन्शनर आज अधिक प्रचलित आहे. त्याच्या दांड्यावर करवतीसारखे तिरपे दाते असतात आणि एक खटका दांड्याला पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. साखळी एका दात्याइतकी सैल झाली की दांडा 'कट' करून पुढच्या दात्यावर बसतो. होंडाच्या अनेक लहान इंजिनांत याऐवजी स्क्रूचा टेन्शनर असतो. त्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली स्प्रिंग एका आट्यांच्या दांड्याला फिरवते आणि त्या फिरण्याने समोरचा दांडा बाहेर येतो. आट्यांचा उतार इतका कमी असतो की समोरून दाब आला तरी स्क्रू उलटा फिरत नाही.

तिसरा प्रकार तेलाच्या दाबावर चालणारा. इंजिनाच्या पंपाकडून आलेले तेल एकमार्गी झडपेतून टेन्शनरच्या नळीत शिरते व दांड्यामागे अडकून राहते. तेल दाबले जात नसल्याने उलट धक्का तेथेच थांबतो, आणि बारीक फटीतून थोडे तेल निसटत असल्यामुळे ताण अवाजवी वाढतही नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर नळीतील तेल खाली उतरते. म्हणून सकाळी सुरू करताना एक-दोन सेकंद खडखड होऊन ती थांबणे हे अशा टेन्शनरचे स्वाभाविक वर्तन आहे. ती थांबत नसेल तर मात्र तो दोष समजावा.

भारतीय मोटारसायकलींत

१९८० च्या दशकापर्यंत भारतीय रस्त्यांवर दोन-स्ट्रोक गाड्यांचे प्राबल्य होते. राजदूत, येझदी किंवा यामाहा आरएक्स १०० यांच्या इंजिनांत कॅमशाफ्टच नसल्याने टायमिंग चेनचा प्रश्न उद्भवत नसे. चार-स्ट्रोक असलेल्या रॉयल एनफील्ड बुलेटमध्ये कॅम क्रँकशाफ्टशेजारीच असे, तो दंतचक्रांनी फिरे आणि वरच्या झडपा लांब पुशरॉडनी उघडल्या जात. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० ने आणि १९९४ मधील स्प्लेंडरने साखळीने फिरणारा कॅमशाफ्ट खेडोपाडी पोहोचवला. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर बाजारात आणल्यावर अधिक शक्तीच्या गाड्यांतही हीच रचना रूढ झाली. पिस्टन, रिंगा आणि कार्ब्युरेटर यांत मुरलेल्या मेकॅनिकांना याच काळात 'टायमिंग लावणे' हे नवे काम शिकावे लागले.

हिरो होंडाच्या ९७.२ घन सेंमी इंजिनातील टेन्शनर वर सांगितलेल्या प्रकारांत नेमका बसत नाही. त्यात साखळीला पट्टीऐवजी एका हातावर बसवलेला रोलर लागतो. त्या हाताला खालून पुश रॉड आणि स्प्रिंग रेटतात आणि पुश रॉडच्या नळीत साचलेले तेल धक्के शोषून घेते. स्प्रिंग काढण्यासाठीचा मोठा बोल्ट इंजिनाच्या खालच्या बाजूस असतो. ही रचना स्वस्त व टिकाऊ आहे. पण इंजिनात तेल कमी पडले की नळीतील धक्के शोषण्याची क्षमता कमी होते आणि रोलरचे रबर चटकन झिजते.

दूरच्या प्रवासासाठी घेतल्या जाणाऱ्या अलीकडच्या गाड्यांत बजाज डॉमिनार ४०० (डिसेंबर २०१६, चाकण येथे उत्पादन) आणि रॉयल एनफील्ड हिमालयन (२०१६) यांचे इंजिन साखळीनेच कॅमशाफ्ट फिरवते. डॉमिनारच्या ३७३.३ घन सेंमी इंजिनाला २०१९ मध्ये एकाऐवजी दोन कॅमशाफ्ट मिळाले. रॉयल एनफील्डने २०२० मध्ये मीटिऑर ३५० पासून आपल्या ३५० घन सेंमी गाड्यांतही पुशरॉड सोडून साखळीचा स्वीकार केला. जुन्या बुलेटचा आवाज कानात बसलेल्या चालकाला नव्या इंजिनातील साखळीची खडखड म्हणूनच ओळखू येत नाही. त्याच्या अनुभवात तिला जागा नाही.

भारतात अशा साखळ्या कोइंबतूरची एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स (रोलॉन) आणि चेन्नईची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ऑफ इंडिया (डायमंड चेन) या कंपन्या बनवतात.

झीज कशी होते

साखळी 'ताणली जाते' असे म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु तिच्या पोलादी पट्ट्या प्रत्यक्षात ताणल्या जात नाहीत. प्रत्येक दुव्यातील खिळ आणि तिच्याभोवतीची बुश एकमेकींवर घासून झिजतात आणि त्यांच्यातील पोकळी वाढते. एका दुव्यात ०.०२ मिमी झीज ही नजरेला न दिसणारी आहे. पण ९० दुव्यांच्या साखळीत तिची बेरीज १.८ मिमी होते. टेन्शनरला सैल बाजूची भर काढता येते. ताठ बाजूची काढता येत नाही. ताठ बाजूला ३० दुवे धरले, तर तिची लांबी ०.६ मिमीने वाढते आणि वरील उदाहरणातील २८ दातांचा कॅमशाफ्ट सुमारे १.२ अंश, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मापाने सुमारे २.४ अंश मागे पडतो. टेन्शनर निर्दोष असूनही जुन्या साखळीची गाडी थोडी मंद का वाटते, याचे कारण यात आहे. याउलट साखळीने एक दात सोडला तर वेळ एकदम जवळजवळ २६ अंशांनी चुकते. इंजिन सुरू झालेच तरी ओढत नाही, फटफटते किंवा गरम होते. दोन-तीन दात सुटल्यास झडपा आणि पिस्टन यांची गाठ पडण्याचा धोका असतो.

खुद्द टेन्शनरची झीज निराळ्या ठिकाणी होते. दात्यांच्या टेन्शनरमध्ये खटक्याची धार बोथट होते आणि धक्क्यासरशी दांडा एखादा दात मागे घसरतो. स्क्रूच्या टेन्शनरमध्ये आटे झिजतात किंवा स्प्रिंग शिणते. तेलाच्या टेन्शनरमध्ये एकमार्गी झडपेत कचरा अडकतो. मार्गदर्शक पट्टीवर साखळीच्या दुव्यांनी दोन समांतर खाचा पडतात. त्या काही प्रमाणात साहजिक आहेत, मात्र त्या खालच्या धातूपर्यंत पोहोचल्या की साखळी व पट्टी दोन्ही वेगाने खराब होतात. पट्टीचे सुटलेले तुकडे तेलाच्या जाळीत जाऊन बसतात.

या सर्व झिजेचा वेग किलोमीटरपेक्षा तेलाच्या स्थितीवर अधिक ठरतो. साखळीच्या खिळींना वंगण मिळते ते इंजिनाच्याच तेलातून. तेल काजळीने व धुळीने भरले, तर ते खिळ आणि बुश यांच्यामध्ये घासणाऱ्या लेपासारखे काम करते. आवाज दडवण्यासाठी निर्मात्याने सांगितल्यापेक्षा जाड तेल भरण्याची पद्धत आढळते. हिरोच्या शंभर घन सेंमी गाड्यांसाठी १०डब्ल्यू-३०, तर पल्सरसाठी २०डब्ल्यू-५० असे तेल सांगितलेले आहे. पहिल्यात दुसरे घातल्याने आवाज काही दिवस दबतो, पण थंड इंजिनात ते तेल वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज थांबत नाही.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती

बीड जिल्हा मराठवाड्यात असून बालाघाटच्या डोंगररांगेने त्याचे उंच व सखल असे दोन भाग पाडले आहेत. बीड शहर धुळे–सोलापूर महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ५२, पूर्वीचा २११) आहे. परळी हे रेल्वेचे जुने ठिकाण असले, तरी बीड शहराला अहिल्यानगरकडून रेल्वे मिळण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. त्यामुळे तालुक्याच्या गावांहून जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी एसटी आणि मोटारसायकल हीच सर्वसामान्यांची साधने राहिली आहेत. लांबच्या प्रवासाची मोटारसायकल म्हटले की जाहिरातींत हिमालयातील रस्ते दिसतात. येथे मात्र तीच गरज शंभर घन सेंमीची गाडी भागवते, आणि तीही पोटापाण्यासाठी.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर व ट्रक यांच्याबरोबर मोटारसायकलीही जातात. मुकादमाला हंगामभर टोळी, फड, कारखाना आणि गाव यांच्यात ये-जा करावी लागते; गावी राहिलेली म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले यांच्यासाठी कामगारही मधूनमधून एक-दोन दिवसांची रजा काढून गाडीवर घरी येतात. दोन माणसे, मूल आणि सामान घेऊन शेकडो किलोमीटरचा हा प्रवास बहुधा एका दमात केला जातो. वाटेत साखळी सुटली तर खर्च केवळ दुरुस्तीचा नसतो: गाडी टेम्पोत घालून न्यावी लागते आणि बुडालेले दिवस उचलीच्या हिशेबात धरले जातात.

इंजिनाच्या दृष्टीने पाहता या जिल्ह्यात टेन्शनरवर ताण आणणाऱ्या अनेक गोष्टी एकत्र येतात. बीडहून मांजरसुंब्याकडे चढताना किंवा धारूरच्या घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये, जास्त फेऱ्यांवर आणि कमी वेगाने चालते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला तेव्हा वारा कमी मिळतो, आणि उन्हाळ्यात हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असताना तेल अधिकच पातळ होते. काळ्या मातीच्या रस्त्यांवरील बारीक धूळ एअर फिल्टर फाटका किंवा बेजान असेल तर सिलिंडरमार्गे तेलात उतरते. शेतात, फडात किंवा दुधाच्या फेऱ्यांना वापरल्या जाणाऱ्या गाडीचे किलोमीटर कमी भरतात पण इंजिनाचे तास जास्त भरतात; म्हणून केवळ मीटर पाहून तेल बदलणे येथे पुरेसे नाही.

घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडून देणे आणि खाली आल्यावर गिअर टाकून क्लच सोडून ती सुरू करणे, ही सवय सर्वत्र दिसते. ब्रेकच्या दृष्टीने ती धोक्याची आहेच. टायमिंग चेनच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते: स्थिर क्रँकशाफ्टला चाकाकडून एकाएकी झटका बसतो आणि तेलाचा दाब त्या क्षणी शून्य असतो. चढावर गिअरमध्ये उभी केलेली गाडी मागे सरकणेही टेन्शनरला मानवत नाही. इंजिन उलटे फिरल्याने सैल बाजू ताठ होते आणि साखळीचा सारा ओढा टेन्शनरच्या दांड्यावर येतो. खटका झिजलेला असेल तर साखळीने दात सोडण्याची ही एक ठराविक वेळ आहे.

शंभर ते दीडशे घन सेंमी गाड्यांचे टायमिंग किट जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी सहज मिळते. मोठ्या गाड्यांचे भाग सहसा छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याहून मागवावे लागतात. मूळ कंपनीच्या वेष्टनाची नक्कल केलेले टेन्शनर बाजारात असतात. त्यांच्यातील दोष सहसा स्प्रिंगच्या पोलादात असतो आणि तो हातात घेऊन पाहिल्याने कळत नाही.

दोषाची लक्षणे

टायमिंग चेनचा आवाज हा टॅपेटच्या आवाजाशी नेहमी गल्लत केला जाणारा आवाज आहे. टॅपेटची टकटक स्वच्छ, एकसारखी आणि कॅमशाफ्टच्या गतीने, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या गतीने होते. सैल साखळीचा आवाज खरखरीत, अनियमित असतो, जणू पत्र्याच्या डब्यात खडे हलत आहेत. ॲक्सिलरेटर झटकन सोडल्यावर तो वाढतो, कारण क्रँकशाफ्टची गती उतरते आणि कॅमशाफ्ट क्षणभर पुढे धावू पाहतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सिलिंडरच्या साखळीकडील बाजूवर टेकवून मूठ कानाला लावणे ही मेकॅनिकांची जुनी व विश्वसनीय पद्धत आहे. आवाज टेन्शनरच्या जागी अधिक, आणि हेडच्या वरच्या झाकणावर कमी येत असेल, तर टॅपेट जुळवून उपयोग नसतो.

दात्यांच्या टेन्शनरची खरी तपासणी तो बाहेर काढल्यावर होते. दांडा किती दात पुढे आला आहे हे मोजावे. तो निम्म्याहून कमी बाहेर आला असून खटका पकडत नसेल, तर दोष टेन्शनरचा आहे. तो जवळजवळ शेवटच्या दात्यापर्यंत पोहोचला असेल तर टेन्शनरने आपले काम पूर्ण केले आहे आणि बदलण्याची गोष्ट साखळी आहे. अशा वेळी केवळ नवा टेन्शनर बसवला की आवाज काही आठवडे जातो आणि परत येतो. स्प्रिंगमागे वॉशर घालणे, टेन्शनरखालचे पॅकिंग काढून टाकणे, किंवा दांड्याऐवजी साधा बोल्ट कसून बसवणे, हे उपाय रस्त्याकडेच्या दुरुस्तीत केले जातात. त्यांनी आवाज निश्चितच थांबतो. मात्र अवाजवी ताणाखाली पट्टी, साखळी आणि कॅमशाफ्टची बैठक तिन्ही झिजतात, आणि शांत झालेले इंजिन पुढच्या बिघाडाची सूचना देण्यास असमर्थ ठरते.

बदलण्याची पद्धत

टेन्शनर नेहमी थंड इंजिनावर काढतात. प्रथम मॅग्नेटवरील 'टी' खूण आवरणावरील खुणेशी जुळवून पिस्टन दाबाच्या स्ट्रोकमध्ये सर्वांत वर आणला जातो. या स्थितीत दोन्ही टॅपेट मोकळे हलतात. ते हलत नसतील तर क्रँकशाफ्ट आणखी एक फेरा फिरवावा लागतो. कॅमशाफ्टच्या दंतचक्रावरील खूणही या वेळी पाहून घ्यावी. टेन्शनर काढल्यापासून तो परत बसेपर्यंत किक मारणे, गाडी गिअरमध्ये ढकलणे किंवा मॅग्नेट फिरवणे पूर्णतः वर्ज्य आहे. साखळी त्या अवधीत कोणत्याही आधाराविना असते. या कामातील बहुतेक नुकसान झीज झालेल्या टेन्शनरने नव्हे, तर या एका नियमाच्या उल्लंघनाने होते.

दात्यांच्या टेन्शनरमध्ये आधी मागचा टोपी-बोल्ट काढून स्प्रिंग बाहेर घेतात आणि मगच दोन बाजूंचे बोल्ट सोडतात. क्रम उलटा केला तर स्प्रिंगच्या दाबाने दांडा पुढे उडी घेतो आणि तसाच अडकतो. बसवताना खटका बोटाने दाबून दांडा पूर्ण मागे सारतात, नवे पॅकिंग घालून टेन्शनरचे अंग सिलिंडरवर बसवतात आणि शेवटी स्प्रिंग व टोपी-बोल्ट लावतात. दांडा पुढे जाताना दात्यांचे आवाज ऐकू आले पाहिजेत. दांडा बाहेर आलेल्या स्थितीत टेन्शनर बोल्टने ओढून बसवणे ही गंभीर चूक होय: पट्टी वाकते किंवा टेन्शनरचे कान तुटतात. होंडा पद्धतीच्या स्क्रू टेन्शनरमध्ये मागचा छोटा स्क्रू काढून आतल्या फटीत बारीक स्क्रू-ड्रायव्हर घालतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवून दांडा आत घेतात, टेन्शनर बसेपर्यंत तसाच धरून ठेवतात आणि मग सोडतात. सहा मिमी व्यासाच्या बोल्टना सुमारे १० न्यूटन-मीटर इतकाच कस पुरतो. ॲल्युमिनियममधील आटे त्याहून फारशा जोराला टिकत नाहीत.

साखळी बदलायची असल्यास काम बरेच वाढते. स्प्लेंडरसारख्या इंजिनात ती मॅग्नेटच्या मागून जाते. डावीकडचे आवरण आणि पुलरने मॅग्नेट काढल्याशिवाय ती बाहेर येत नाही. मॅग्नेट हातोडीने ठोकून काढण्याचा मोह टाळावा, कारण क्रँकशाफ्टचे टोक वाकले तर नवी साखळीही तिरकी चालते. साखळीबरोबर दोन्ही दंतचक्रे व गाईड किंवा रोलर बदलणे इष्ट असते. झिजून टोकदार झालेल्या दातांवर नवी साखळी नीट बसत नाही.

काम झाल्यावर क्रँकशाफ्ट पान्याने त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवला जातो आणि दोन्ही खुणा पुन्हा तपासल्या जातात. मध्येच कठीण अडथळा लागल्यास जोर न लावता थांबावे. तो अडथळा बहुधा झडपेचा असतो. यानंतर टॅपेटचे अंतर जुळवून, तेल व त्याची जाळी स्वच्छ करून इंजिन सुरू करतात.

हार्ले-डेव्हिडसन ट्विन कॅम प्रकरण

टूरिंग मोटारसायकलींच्या इतिहासात टेन्शनरच्या झिजेचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण हार्ले-डेव्हिडसनच्या ट्विन कॅम ८८ या इंजिनाचे आहे. १९९९ च्या मॉडेल वर्षापासून ते कंपनीच्या टूरिंग गाड्यांत आले. त्याआधीच्या एव्होल्यूशन इंजिनात एकच कॅमशाफ्ट असून तो दंतचक्राने फिरत असे. नव्या इंजिनात क्रँककेसमध्ये दोन कॅमशाफ्ट आले. बाहेरची साखळी क्रँकशाफ्टकडून एका कॅमशाफ्टला आणि आतली साखळी त्यावरून दुसऱ्याला फिरवत असे. दोन्हींना तीव्र स्प्रिंगचे टेन्शनर होते आणि त्यांचे प्लास्टिकचे पाय सरळ साखळीवर घासत.

स्प्रिंगचा दाब इंजिनाच्या गतीनुसार बदलत नव्हता आणि तो गरजेपेक्षा जास्त होता. पाय झिजून त्यांचे तुकडे तेलात पडत, पंपात शिरत आणि तेलाचा दाब खाली आणत. आतला टेन्शनर आधार-पट्टीच्या मागे असल्याने ती पट्टी काढल्याशिवाय दिसत नाही. बाहेरचा चांगला आढळल्यावर आतलाही चांगला असेल असे गृहीत धरणे अनेकांना महाग पडले. आवाजाची पूर्वसूचना या इंजिनात भरवशाची नव्हती, म्हणून जाणकार मेकॅनिक ठराविक अंतरानंतर इंजिन उघडून पाहण्याचाच सल्ला देत. कंपनीने २००६ मध्ये डायना गाड्यांत आणि २००७ पासून उर्वरित मोठ्या गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर व नव्या प्रकारची साखळी दिली. जुन्या गाड्यांच्या मालकांपुढे तीन मार्ग उरले: ठरावीक काळाने तेच पाय बदलत राहणे, नव्या पट्टी व पंपासह तेलाचे टेन्शनर बसवणे, किंवा साखळी पूर्णपणे काढून दंतचक्रांचा संच बसवणे. तिसऱ्या मार्गासाठी क्रँकशाफ्ट अतिशय अचूक फिरणारा असावा लागतो, अन्यथा दंतचक्रे आवाज करतात व झिजतात. २०१७ च्या मॉडेल वर्षात आलेल्या मिलवॉकी-एट इंजिनात कंपनी पुन्हा एका कॅमशाफ्टकडे वळली. साखळी व तेलाचा टेन्शनर मात्र कायम राहिले.

मिळतेजुळते भाग

इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सर शाफ्टलाही काही गाड्यांत साखळी असते आणि तिला वेगळा टेन्शनर असतो. दूरच्या प्रवासासाठी प्रसिद्ध असलेल्या कावासाकी केएलआर६५० मधील मोडणारा तरफेचा भाग याच बॅलन्सर साखळीचा आहे. त्याचा टायमिंग चेनशी संबंध नाही, जरी दोहोंची चर्चा अनेकदा एकत्र होते. होंडा गोल्ड विंगच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत आणि एसटी११०० मध्ये साखळीऐवजी दातेरी पट्टा होता. पट्ट्याला तेल लागत नाही आणि तो शांत चालतो, पण तो आवाज न करता तुटतो. त्यामुळे त्याची बदली निर्मात्याने ठरवलेल्या मुदतीनुसारच करावी लागते.